फॅन लावूनही तारा थरथरतो: दुर्बिणीच्या आरशामागचा पंखा आणि त्याची परत परत उद्भवणारी दुखणी

आरसा बाहेरच्या हवेइतका निवावा म्हणून परावर्ती दुर्बिणीच्या आरशामागे फॅन बसवणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक एकाच वळणाच्या असतात. संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा फॅन घेतला, वेग कमी-जास्त करायला नॉब दिला, पहिल्या रात्री गुरूचे पट्टे लख्ख दिसले. चार रात्रींनी काहीतरी बिनसतं. हळू केला की फॅन अडतो. मध्यम वेगावर तारा थरथरतो. पूर्ण वेगावर सगळी नळी गुणगुणते. आणि कंटाळून बंद केला, की थोड्या वेळात गुरू पाण्याखाली गेल्यासारखा हलायला लागतो. एखादा स्क्रू आवळून किंवा वायर बदलून त्या रात्रीपुरतं भागतं, पुढच्या वेळी पुन्हा तेच.

माझी दुर्बीण २०० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची, डोब्सोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवून हाताने फिरवायच्या साध्या, बैठकीवरची आहे. तिच्यावर हे सगळं मी भोगलं आहे. एका हंगामात दोन फॅन बदलले, तीन वेगवेगळी सर्किटं लावून पाहिली, आणि दोष शेवटी त्यांतल्या कशातच निघाला नाही. तो कुठे होता ते पुढे सांगतो. आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: उष्णतेचा दोष, कंपाचा दोष आणि विजेचा दोष आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, साधारण सारखेच दिसतात. "चित्र नीट येत नाही" एवढंच कळतं. त्यामुळे पाना-पक्कड हातात घेण्याआधी दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं न दिल्यामुळेच हा त्रास परत परत येतो.

फॅन बंद करा आणि घड्याळ बघा

आकाशात बऱ्यापैकी वर असलेला एखादा ठळक तारा धरा. वर्धन २०० पट तरी हवं, म्हणजे माझ्या दुर्बिणीला ६ मिमीचा आयपीस. फोकस नेमका करा. ज्या वेगावर त्रास होतो त्याच वेगावर फॅन चालू ठेवून तारा मिनिटभर निरखा. मग डोळा आयपीसवरून न हलवता फॅन बंद करा.

पाती थांबायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यातच तारा आक्रसून टोकदार झाला, तर दोष कंपाचा. दुसरं काही असूच शकत नाही, कारण काच दोन सेकंदांत ना थंड होते ना गरम. तारा काही मिनिटं होता तसाच राहिला आणि मग हळूहळू फुगायला लागला, तर फॅन त्याचं काम चोख करत होता. आधी जी खळबळ दिसत होती ती वरच्या हवेची, आणि तिला आपल्याकडे उपाय नाही. फॅन बंद केल्यावर दहा मिनिटांत चित्र उलट सुधारलं, तर फॅन कुठून तरी गरम हवा ओढून आणतो आहे. हे शेवटचं ऐकायला विचित्र वाटेल, पण मी दोनदा पाहिलं आहे.

पाती थांबत असतानाचे ते दोन-तीन सेकंद विशेष लक्ष देऊन बघा. पुष्कळदा असं होतं की वेग उतरत असताना मध्येच एका क्षणी तारा जोरात थरारतो, त्याची बारीक रेघ होते, आणि लगेच तो शांत होतो. फॅनचा वेग त्या क्षणी तुमच्या नळीच्या किंवा फॅनच्या टांगणीच्या स्वाभाविक कंपनाशी जुळला. नॉब नेमका त्या वेगावर राहिला, की सगळी रात्र तशीच जाते. "मध्यम वेगावरच का हलतं, पूर्ण वेगावर का नाही" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

खात्रीसाठी तारा थोडा फोकसबाहेर काढा, म्हणजे त्याची वलयांकित चकती दिसेल. आरसा गरम असेल तर चकतीत संथ, जाडसर वळवळ दिसते, जणू काचेवरून पातळ पाक ओघळतो आहे. नळीत गरम हवेचा झोत असेल तर चकतीच्या एका बाजूने पिसासारखा फुगवटा निघतो आणि तो बराच वेळ त्याच बाजूला राहतो. वरच्या वातावरणाची खळबळ चकतीवरून भराभर वाहत जाते. कंप असेल तर यातलं काहीच नसतं: चकतीचा आकार शाबूत, फक्त वलयांच्या कडा दुहेरी किंवा पुसट, आणि सगळी चकती एकसंध हललेली. एकदा हा फरक डोळ्यात बसला की पुन्हा चूक होत नाही.

इतक्या लहानशा फॅनने एवढं काय हलणार?

हा प्रश्न मलाही पडला होता. हिशेब केल्यावर तो मिटला. आरसा जितक्या कोनाने कलतो त्याच्या दुप्पट कोनाने प्रतिमा सरकते. २०० मिमी आरशाची एक कड समोरच्या कडेपेक्षा १ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने, वर उचलली गेली तर आरसा सुमारे १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) कलतो आणि तारा २ आर्कसेकंद सरकतो. या आरशाची डॉज मर्यादा, म्हणजे जवळचे दोन तारे वेगळे दिसण्याची हद्द, ११६ भागिले २००, म्हणजे ०.५८ आर्कसेकंद. म्हणजे एका मायक्रॉनच्या हालचालीने आरशाच्या क्षमतेच्या तिपटीहून जास्त धूसरपणा आला. २०० पट वर्धनात ते २ आर्कसेकंद डोळ्याला जवळपास ७ आर्कमिनिटांएवढे (६० आर्कसेकंदांचा १ आर्कमिनिट) दिसतात, आणि साधारण डोळा १ आर्कमिनिटाचा फरक ओळखतो. माणसाचा केस मायक्रॉनमध्ये मोजायचा तर पन्नासाच्या पुढे जातो. इतक्या बारीक हालचालीशी आपली गाठ आहे. नळीला हात लावून "कंप जाणवत नाही" म्हणणं म्हणूनच काही कामाचं नाही. हाताला जाणवेल तो कंप या हिशेबात फार मोठा झाला.

कंपाचा माग

आता माझा दोष. फॅन चार रबरी बुशांवर बसवला होता, प्रत्येक बुशातून एक स्क्रू, पलीकडे वॉशर आणि नट. दिसायला नमुनेदार काम. पण स्क्रू बुशाच्या भोकातून जाताना पुढे धातूच्या पट्टीला टेकत होता. रबर होतं, पण कंपाला रबरातून जायची गरजच नव्हती. तो स्क्रूवरून सरळ पट्टीत, पट्टीतून आरशाच्या बैठकीत आणि तिथून आरशात जात होता. मी दर वेळी स्क्रू उघडून आवळायचो तेव्हा तो योगायोगाने कधी मधोमध बसायचा, कधी एका अंगाला टेकायचा. म्हणून कधी बरं, कधी वाईट. दोन फॅन आणि तीन सर्किटं यात गेली.

हे शोधायला कागदाची पट्टी पुरते. साध्या कागदाची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि फॅन जागेवर असताना ती प्रत्येक स्क्रूच्या दांड्याभोवती, धातूच्या पट्टीतल्या भोकाच्या कडेने फिरवून बघा. जिथे पट्टी अडकेल तिथे धातूला धातू लागतो आहे. तसंच फॅनची चौकट आणि नळीच्या मागच्या टोकाची चकती यांच्यामध्ये चारही बाजूंनी फिरवा. माझी पट्टी चौथ्या स्क्रूला, खालच्या बाजूने, अडकली. भोक दोन मिमीने मोठं केलं आणि स्क्रूच्या दांड्यावर मऊ नळीचा तुकडा चढवला. त्या रात्री तारा दोन्ही वेगांवर स्थिर होता.

स्क्रू निर्दोष निघाला तर वायर बघा. फॅनची वायर ताणून चिकटपट्टीने नळीला बसवलेली असते आणि तीच कंप पोचवते. फॅनजवळ तिला सैल वळसा द्या, हाताच्या पंजात मावेल एवढा, आणि वायर जाड असेल तर शेवटचे पंधरा-वीस सेंटिमीटर बारीक, लवचीक वायर जोडा. फॅनवर जाळी असेल तर तीही बघा. फॅन रबरावर आणि जाळी मात्र फॅन व चकती दोहोंना स्क्रूने जखडलेली, असं काम पुष्कळदा पाहायला मिळतं.

यानंतर येतो तो सगळ्यांत गोंधळात टाकणारा प्रकार: रबर लावल्यावर कंप उलट वाढला. यात रबराचा दोष नाही, ते पुरेसं मऊ नाही इतकंच. कोणतीही लवचीक टांगणी तिच्या स्वाभाविक कंपनसंख्येच्या साधारण १.४ पटीच्या वरचे कंपच कमी करते; त्याखालचे ती जसेच्या तसे पोचवते, आणि जुळले तर कितीतरी मोठे करते. ही कंपनसंख्या काढायला उपकरण लागत नाही. फॅनच्या वजनाने रबर किती मिमी दबतं किंवा लोंबतं ते बघा. साधारण १ मिमी लोंबत असेल तर टांगणी सेकंदाला सुमारे १६ वेळा हलते, म्हणजे मिनिटाला साडेनऊशे फेऱ्यांवर तिचा आणि फॅनचा मेळ बसतो. आपण हळू चालवताना फॅन नेमका त्याच आसपास असतो. तयार मिळणाऱ्या सिलिकॉनच्या खुंट्या बहुतेक अशाच ताठ असतात, आणि ओढून घट्ट बसवल्या तर आणखी ताठ होतात.

त्यापेक्षा फॅनचे चारही कोपरे रबरबँडांवर टांगा आणि बँड असे निवडा की फॅन स्वतःच्या वजनाने १० ते १५ मिमी लोंबेल. आता बोटाने खाली ओढून सोडा. सेकंदाला चार-पाच झोके घेतले, मोजता येतील असे, तर टांगणी बरोबर आहे. मिनिटाला साधारण तीनशे फेऱ्या हा तिचा मेळाचा वेग, आणि त्या वेगाने आपण फॅन कधी चालवतच नाही. सुरू होताना नि थांबताना तो तिथून क्षणात निसटतो. मात्र नळी क्षितिजाकडून डोक्यावर वळवली की फॅन दुसऱ्या दिशेने लोंबतो, म्हणून दोन्ही स्थितींत तो कशालाही टेकत नाही ना, ते कागदाच्या पट्टीने पुन्हा तपासा. मी हे सुरुवातीला फक्त नळी आडवी ठेवून तपासलं होतं आणि त्याचा फटका डोक्यावरच्या ताऱ्यांना बसला.

रबरबँड दव आणि उन्हाने तडकतात. महिन्या-दोन महिन्यांनी ओढून बघायचे आणि ठिसूळ वाटले की चारही एकदम बदलायचे. एकच बदलला तर फॅन तिरका होतो.

फॅनचा स्वतःचा तोलही बिघडतो. पात्यांवर धूळ बसते, त्यावर दव पडतं, ओली धूळ एकीकडे जास्त साचते. पाती ओल्या कापसाने पुसून, वाळवून बघा. साध्या बुश-बेअरिंगच्या फॅनमध्ये नळीचा कल बदलला की पात्यांचा तुंबा थोडा पुढेमागे सरकतो आणि आवाज बदलतो. आवाज बदलला पण तारा स्थिर आहे, तर दुर्लक्ष करा. बोटाने पाती फिरवून बघितल्यावर खरखर लागत असेल किंवा तुंबा बाजूला डुगडुगत असेल तर तो फॅन दुरुस्त करत बसू नका, नवा लावा.

घरात चालतो, बाहेर अडतो

टेबलावर फॅन अगदी कमी वेगावर सुरू होतो आणि रात्री अंगणात नेला की नुसता थरथरतो, फिरत नाही. याला एकापेक्षा जास्त कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळतात.

मूळ गोष्ट अशी की फॅन फिरत राहायला जेवढा व्होल्टेज लागतो त्यापेक्षा सुरू व्हायला जास्त लागतो. १२ व्होल्टचे बरेच फॅन एकदा फिरायला लागले की ४ व्होल्टवरही फिरतात, पण थांबलेल्या अवस्थेतून उठायला ५ ते ७ मागतात. गारठ्यात बेअरिंगमधलं वंगण घट्ट होतं आणि ही गरज वाढते. तिकडे बॅटरीवर दव-हीटर (भिंगांवर दव धरू न देणारा) लावलेला असतो, वायर बारीक नि लांब असते, आणि फॅनपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज उतरलेला असतो. म्हणून मल्टीमीटर बॅटरीच्या टोकांवर लावू नका. फॅनच्या टोकांवर, सगळा भार चालू असताना मोजा. बॅटरीवर १२.४ आणि फॅनच्या टोकांवर, नॉब पूर्ण उघडा असूनही, ९ दिसले तर मधल्या वायरीत, जोडात किंवा नियंत्रकात काय जातं ते टप्प्याटप्प्याने मोजत यायचं.

नियंत्रक एलएम ३१७ या व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या चिपवर बांधला असेल तर दोन व्होल्टच्या आसपास तो स्वतःच खातो. १२ व्होल्टवरून १० च्या वर काही मिळत नाही, त्यात काही बिघडलेलं नाही. मला हे सर्किट आवडतं, कारण त्यातून सरळ, सपाट व्होल्टेज मिळतो आणि मोटारीला धक्के बसत नाहीत. बाहेर जाणारं टोक आणि समायोजनाचं टोक यांच्यामध्ये २४० ओहम, समायोजनाच्या टोकाकडून ऋण बाजूला ६८० ओहमचा पक्का रोधक आणि त्याच्याशी ओळीत १ किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉबने बदलता येणारा रोधक. एवढ्याने नॉब एका टोकाला ४.८ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला १० व्होल्ट देतो. पुष्कळजण तो ६८० ओहमचा रोधक गाळून नुसता पॉट लावतात. मग नॉबचा सुरुवातीचा बराचसा हिस्सा मेलेला असतो, फॅन फिरतही नाही आणि त्याची मोटार नुसती वीज पीत राहते. तुमचा फॅन ४.८ वर गारठ्यात उठत नसेल तर ६८० च्या जागी ८२० लावा, सुरुवात ५.५ च्या वर जाते. शिवाय नियंत्रकाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांना जोडणारं एक दाबबटण देता येतं. ते क्षणभर दाबलं की फॅनला पूर्ण व्होल्टेज मिळून तो उठतो, सोडलं की नॉबच्या वेगावर येतो. बटण नसेल तर हाताला तशी सवय लावा: आधी नॉब पूर्ण, मग कमी.

पॉटची मधली घासपट्टी घाण झाली की वेग आपोआप चढतो-उतरतो. मधलं टोक कडेच्या एका टोकाला जोडून ठेवलं तर घासपट्टी क्षणभर उचलली गेली तरी सर्किट पूर्ण तुटत नाही. दव पडणाऱ्या ठिकाणी बंद डबीचा पॉट घ्या.

यूएसबी पॉवर बँकेवर १२ व्होल्ट करून देणारी वायर लावून फॅन चालवणाऱ्यांचा एक खास त्रास आहे. फॅन जोरात असेपर्यंत ठीक, हळू केला की अर्ध्या मिनिटात बंद. बटण दाबलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी यात फॅनचा जोड तीनदा नव्याने सोल्डर केला. जोडाचा काही संबंध नव्हता. पुष्कळ पॉवर बँका घेतला जाणारा प्रवाह फार कमी झाला की "काहीच जोडलेलं नाही" असं समजून स्वतःला बंद करतात, आणि हळू चालणारा लहान फॅन खरोखरच तेवढा कमी प्रवाह घेतो. कमी प्रवाहाची वेगळी सोय असलेली बँक वापरा किंवा साधी १२ व्होल्टची बॅटरी लावा. प्रवाह वाढवायला सोबत रोधक तापवत ठेवायचा उपायही सुचवला जातो, पण आरशाजवळ मुद्दाम उष्णता तयार करणं मला पटत नाही.

पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून, दोन तारांचा फॅन चालवत असाल आणि हळू वेगावर किणकिण ऐकू येत असेल, तर ती ठोक्यांची वारंवारता आहे. सेकंदाला काही शे ठोके असले की मोटारीला प्रत्येक ठोक्याला धक्का बसतो. तो कानालाही कळतो आणि आरशालाही. चार तारांचे फॅन या कामासाठीच बनवलेले असतात. त्यांना वीज कायम पूर्ण १२ व्होल्ट द्यायची आणि निळ्या तारेवर २५ किलोहर्ट्झचा इशारा. हा इशारा ५ व्होल्टचा असतो. त्या तारेला १२ व्होल्ट लागले तर आतलं सर्किट जाऊ शकतं. तार मोकळी सुटली तर फॅन पूर्ण वेगाने फिरतो. म्हणून "नॉब फिरवला तरी वेग बदलत नाही, सतत जोरातच" अशी तक्रार असेल तर आधी निळ्या तारेचा जोड आणि इशारा देणाऱ्या सर्किटची ऋण तार फॅनच्या ऋण तारेला जोडली आहे का, हे बघा. दुसरा सापळा रंगांचा. तीन तारांच्या फॅनमध्ये लाल तार धन आणि पिवळी वेग सांगणारी. चार तारांच्या फॅनमध्ये पिवळी धन आणि हिरवी वेग सांगणारी. जुन्या फॅनच्या सवयीने नव्याची पिवळी तार मोकळी सोडली तर फॅन मेलेलाच वाटतो. सगळ्या तारा काळ्या असतील तर कनेक्टरवरच्या खाचेवरून क्रम लावायचा.

वेग सांगणारी ती तार वाया घालवू नका. तिच्यावर एका फेरीला दोन ठोके येतात, म्हणजे हर्ट्झ मोजणाऱ्या मल्टीमीटरवर आलेला आकडा गुणिले ३० बरोबर मिनिटाच्या फेऱ्या. तार आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक मात्र लागतो, नाहीतर आकडाच येत नाही. याने मेळाचा वेग नेमका सापडतो आणि नॉबवर खूण करता येते.

हवा जाते कुठे

फॅन नीट फिरतो, कंप नाही, तरी आरसा तासन् तास गरमच. अशा वेळी फॅनच्या चौकटीभोवतीची फट बघा. फॅन एका बाजूने हवा ढकलतो आणि तीच हवा कडेच्या फटीतून वळून पुन्हा मागे येते. पातळ कागदाची झिरमिळी काठीला बांधून फटीभोवती फिरवा. ती उलट दिशेला खेचली गेली तर हवा तिथल्या तिथे गोल फिरते आहे. फॅन आणि नळी यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा किंवा कापडाचा सैल झगा लावा. सैल यासाठी, की ताणलेला झगा पुन्हा कंपाची वाट होतो. या एका दुरुस्तीने माझ्या आरशाचा निवण्याचा वेळ निम्म्यावर आला.

नियंत्रकाची डबी नळीच्या मागच्या टोकाखाली बसवली असेल तर ती हलवा. एलएम ३१७ हळू वेगावर अर्धा वॅटच्या आसपास उष्णता टाकतो आणि फॅन ती थेट आरशावर नेतो. फॅन बंद केल्यावर चित्र सुधारायचं, असं वर म्हटलं, त्यातली एक वेळ ही होती. दुसऱ्या वेळी मी स्वतः खुर्ची टाकून नळीच्या मागच्या टोकाशी बसलो होतो आणि फॅन माझ्या अंगाची ऊब ओढत होता.

वेग किती

सुरुवातीला पूर्ण वेग, कारण तेव्हा निरीक्षण करायचं नसतं, आरसा निवायला हवा असतो. आरसा बाहेरच्या हवेपेक्षा अंशभर गरम इथवर आला की वेग उतरवा, पण बंद करू नका. रात्रभर हवा थंड होत जाते आणि काच तिच्या मागे मागे रेंगाळते, त्यामुळे आरशावर गरम हवेची पातळ साय पुन्हा धरते. प्रकाश त्या सायीतून दोनदा जातो, येताना आणि परतताना. हळू फॅनचं काम ती साय धरू न देणं, एवढंच. मोठ्या वेधशाळांनाही यातून सुटका नाही. अ‍ॅरिझोनातल्या एमएमटी दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ आहे आणि त्याच्या घरांत हवा खेळवत ठेवतात.

तापमानावरून वेग आपोआप बदलणारं सर्किट केलं असेल आणि फॅन विनाकारण चढ-उतार करत असेल, तर दोन संवेदकांमधला फरक आधी तपासा. लोकप्रिय डीएस१८बी२० संवेदकाची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे, म्हणजे दोन नवेकोरे संवेदक एकाच हवेत एक अंशाचा फरक दाखवू शकतात, आणि आपला सगळा खेळच त्या एका अंशाचा आहे. दोन्ही एकत्र बांधून, कापसात गुंडाळून तासभर ठेवा, जो फरक येईल तो हिशेबातून वजा करा. आरशाचा संवेदक काचेला पाठीमागून चिकटवताना त्यावर फॅनचा झोत थेट लागणार नाही असा फोमचा तुकडा लावा. नाहीतर तो काचेऐवजी हवाच मोजतो आणि आरसा निवल्याचं खोटं सांगतो.

शेवटी नॉब. मी सगळं जुळल्यावर एका शांत रात्री २०० पट वर्धनात नॉब अगदी हळू फिरवत गेलो आणि जिथे तारा जराही थरथरला ती जागा नॉबच्या चकतीवर लाल रंगाने माखली, जिथे वलयं सगळ्यांत स्वच्छ दिसली तिथे पांढरा ठिपका दिला. मिणमिणत्या लाल उजेडात लाल रंग दिसत नाही हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता त्या जागी काळा पट्टा आहे. रबरबँड बदलले की हे दोन्ही पुन्हा तपासावे लागतात, कारण मेळाचा वेग टांगणीबरोबर सरकतो.